सायटेशनची यादी वाचून काढताना

पदोन्नतीच्या अर्जात एक तक्ता होता: एकूण प्रकाशने, एकूण सायटेशन (म्हणजे इतर पेपरांत आपल्या पेपरांचे आलेले संदर्भ), एच-इंडेक्स, पहिला लेखक म्हणून किती पेपर, शेवटचा लेखक म्हणून किती. त्याखाली 'संशोधनाचा प्रभाव' असे शीर्षक आणि अर्धे पान कोरी जागा. तक्ता एका संध्याकाळी भरून होतो असे सगळेच सांगतात, आणि ते खरेही आहे. त्या अर्ध्या पानाने मात्र माझे कित्येक आठवडे घेतले, आणि ते घेतले याचे मला समाधान आहे. रेडिओलॉजीत काम करणाऱ्या कुणाला पुढेमागे हे करावे लागेल, म्हणून मी काय केले आणि काय दिसले ते लिहून ठेवते.

सुरुवात यादीपासून. आपले पेपर आपल्याला पाठ असतात, असे वाटते. पण सगळी वर्षे एकत्र मांडायला बसले की शंका निघू लागतात. परिषदेत वाचलेल्या निबंधाचा गोषवारा नियतकालिकाच्या पुरवणीत छापून आला, तो प्रकाशन धरायचा का? त्याच कामाचा पूर्ण पेपर पुढे आला असेल तर? संपादकांना लिहिलेले पत्र? पाठ्यपुस्तकातले प्रकरण? मी ठरवले की ज्यात रुग्णांची किंवा प्रतिमांची नवी माहिती आहे आणि ज्याचे तज्ज्ञपरीक्षण झाले आहे, तेच मूळ संशोधन. रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या अभ्यासांचे आढावे, वेगळे, केस रिपोर्ट वेगळे, पत्रे आणि गोषवारे मोजणीच्या बाहेर.

केस रिपोर्टपाशी मी थोडी थांबले. आमच्याकडे बहुतेकांची लिहिण्याची सुरुवात तिथूनच होते. एखादी दुर्मीळ गाठ, ती सीटीवर कशी दिसली, एमआरआयवर कशी दिसली, पॅथॉलॉजीने काय सांगितले, चार चित्रे आणि पानभर चर्चा. त्यांना सायटेशन कमी मिळतात, त्यामुळे नियतकालिकाची सरासरी खाली येते, आणि अनेक संपादकांनी ते छापणे बंद केले. "मॅडम, हे काढून टाका, यादी हलकी दिसते," असे एका तरुण सहकाऱ्याने सुचवले. मी ते काढले नाहीत. दुर्मीळ आजाराचे पुरेसे रुग्ण एका रुग्णालयाला कधीच मिळत नाहीत. विखुरलेले केस रिपोर्ट गोळा करूनच कुणीतरी पहिला नीट रिव्ह्यू लिहितो, आणि रिपोर्टिंगला बसलेल्या डॉक्टरला अडल्या वेळी तोच सापडतो.

मग नावाचा घोळ. काही पेपरांवर माझे पूर्ण नाव आहे, काहींवर आद्याक्षरे, एका जुन्या पेपरवर आडनाव आधी. स्कोपस हा सायटेशन मोजणारा डेटाबेस लेखकांची प्रोफाइल संगणकाच्या हिशेबाने आपोआप बनवतो, त्यामुळे माझी तिथे एकापेक्षा जास्त प्रोफाइल निघाली. गुगल स्कॉलरवर उलटा प्रकार झाला होता. माझीच आद्याक्षरे आणि आडनाव असलेल्या, भलत्याच विषयातल्या संशोधकाचे पेपर माझ्या नावाखाली येऊन बसले होते, आणि त्यांचे सायटेशनही. स्कोपसला प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती पाठवता येते. गुगल स्कॉलरवर आपणच एकेक नोंद काढायची असते. ती काढताना माझा आकडा खाली आला, आणि तो खाली यायलाच हवा होता. ज्यांनी अजून केले नसेल त्यांनी आधी ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा, क्रमांक घ्यावा. २०१२ साली सुरू झालेली ही सोय फुकट आहे. सोळा अंकी क्रमांक एका माणसाला एकच मिळतो आणि नाव बदलले तरी तो बदलत नाही. पेपर पाठवतानाच तो क्रमांक दिला की पुढचा पुष्कळसा घोळ होत नाही.

यादी स्वच्छ झाली आणि तरीही आकडे जुळले नाहीत. त्याच पेपरांसाठी वेब ऑफ सायन्स हा दुसरा डेटाबेस एक आकडा दाखवतो, स्कोपस त्याहून मोठा, गुगल स्कॉलर सगळ्यांत मोठा. यात कुणाची चूक नाही. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस ठरावीक, निवडलेल्या नियतकालिकांतले संदर्भ मोजतात. गुगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञपरीक्षणाआधीच खुले केलेले पेपर), अहवाल, पुस्तकांतली प्रकरणे असे जे सापडेल ते मोजते. एच-इंडेक्स (त्याचा हिशेब पुढे सांगते) या आकड्यांवरच उभा असल्याने तोही तीन ठिकाणी तीन निघतो. अर्जात कोणता लिहायचा हे अर्जावर सांगितलेले नव्हते. मी एक निवडला, कोणत्या तारखेला कुठून घेतला ते शेजारी लिहिले, आणि स्वतःच्या संदर्भांसह किती, त्यांच्याशिवाय किती हेही लिहिले. अर्जदार एकमेकांशी तोलले जाणार असतील तर एवढे तरी प्रत्येकाने लिहावे, असे माझे मत आहे.

स्वतःच्या पेपरचा संदर्भ देणे काही लाजिरवाणे नसते. एकाच रुग्णसमूहावर आधी मापनाची अचूकता तपासली आणि मग त्या मापनाचा उपयोग दाखवला, तर दुसऱ्या पेपरमध्ये पहिल्याचा उल्लेख येणारच, यायलाच हवा. पण हे प्रमाण उघडे असावे. जॉन आयोनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली जगभरच्या शास्त्रज्ञांची जी प्रमाणित सायटेशन-यादी प्रसिद्ध केली, तिच्यातही स्वतःचे संदर्भ धरून आणि वगळून असे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी दिले आहेत. त्यात न्यूक्लिअर मेडिसिन आणि मेडिकल इमेजिंग हे वेगळे उपक्षेत्र धरले आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांची तुलना निदान रेणुजीवशास्त्राशी होत नाही.

एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली मांडला. ज्यांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन आहेत असे दहा पेपर असतील, आणि किमान अकरा असलेले अकरा नसतील, तर एच-इंडेक्स दहा. हिशेब सोपा, म्हणून तो पसरला. पण दोन माणसे कल्पून बघा. एकीचे दहा पेपर, प्रत्येकाला बरोबर दहा सायटेशन. दुसरीचेही दहाच पेपर, त्यातल्या एकाला दोन हजार, बाकीच्यांना दहा दहा. दोघींचा एच-इंडेक्स दहाच. शिवाय हा आकडा कधीच खाली येत नाही. वय वाढेल तसा तो वाढतो किंवा तिथेच राहतो, त्यामुळे लहान मुले सांभाळण्यासाठी काही वर्षे थांबलेली संशोधक आणि सलग काम केलेला संशोधक यांना त्याने तोलले तर तो नेमके काय तोलतो?

आणि रेडिओलॉजीच्या आतही एक रेडिओलॉजी दुसरीसारखी नाही. मेंदूच्या एमआरआयवर काम करणाऱ्यांचे पेपर न्यूरोलॉजिस्ट वाचतात, मानसोपचारतज्ज्ञ वाचतात, मानसशास्त्रज्ञही वाचतात. प्रतिमांवर शिकणाऱ्या संगणकीय मॉडेलचा पेपर असेल तर अभियंत्यांचे सगळे जग त्याचा वाचक असते. सांध्यांच्या सोनोग्राफीवर, किरणांची मात्रा कमी करण्यावर, लहान मुलांच्या पोटाच्या तपासण्यांवर लिहिणाऱ्यांना वाचणारे मुळातच थोडे. वाचणारे थोडे म्हणजे संदर्भ देणारे त्याहून थोडे. या फरकासाठी मापे आहेत, ती वापरावीत. स्कोपसच्या आकडेवारीवरून निघणारे क्षेत्रभारित माप तुमच्या पेपरला त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांशी ताडते, आणि जगाची सरासरी १ धरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांतून २०१६ साली पुढे आलेले सापेक्ष सायटेशन प्रमाण आणखी बारीक जाते. तुमच्या पेपरसोबत ज्या पेपरांचे संदर्भ दिले जातात त्यांनाच ते तुमचे क्षेत्र मानते आणि १ हा आकडा त्या संस्थांनी निधी दिलेल्या पेपरांच्या मध्यावर ठेवते. हे फुकट बघता येते.

माझे पेपर या मापांतून काढले तेव्हा क्रम बदलला. अनेक केंद्रांचा एक मोठा अभ्यास सोडला (त्याविषयी पुढे) तर यकृतातल्या गाठींच्या एमआरआयवरचा माझा रिव्ह्यू नुसत्या संख्येने सर्वांत वर होता. इतर रिव्ह्यूंशी तुलना केली तेव्हा तो सरासरीच्या थोडाच वर राहिला. एका अरुंद विषयावरचा, थोडे सायटेशन असलेला पेपर मात्र आपल्या क्षेत्रात चांगला वर गेला.

नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरचाही एक रकाना अर्जात होता. यूजीन गारफील्ड यांनी सायटेशनच्या सूचीची कल्पना १९५५ साली मांडली, ती मुळात संदर्भ शोधण्यासाठी. एखादी कल्पना पुढे कुणी वापरली, कुणी खोडून काढली हे माग काढत जाता यावे म्हणून. इम्पॅक्ट फॅक्टर पुढे नियतकालिके निवडायला आला. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना या वर्षी सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढेच तो सांगतो, आणि कोणत्याही नियतकालिकात मूठभर पेपर ती सरासरी उचलून धरतात. त्यावरून माझ्या एका पेपरविषयी काही ठरत नाही. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या, संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या डोरा घोषणापत्राने हेच स्पष्ट सांगितले आहे, आणि २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्यानेही. रकाना होता म्हणून मी भरला.

मग ती कोरी जागा. प्रभाव म्हणजे काय लिहायचे? मी ठरवले की ज्यांनी माझ्या पेपरांचे संदर्भ दिले त्यांचे पेपर उघडून वाचायचे. सगळ्यांचे नाही, पण मला महत्त्वाच्या वाटणाऱ्या पाच पेपरांचे सगळे, आणि त्या रिव्ह्यूचेही. प्रत्येकात माझा संदर्भ कोणत्या वाक्याला जोडला आहे ते शोधायचे आणि ते वाक्य उतरवून घ्यायचे. वेळखाऊ काम आहे. दिवसाचे रिपोर्टिंग संपल्यावर मी ते करत असे, आणि हळूहळू त्यात गुंतले.

रिव्ह्यूचे आधी सांगते, कारण तिथे बघण्यासारखे थोडे निघाले. जवळजवळ सगळे संदर्भ प्रस्तावनेतल्या पहिल्या दोन वाक्यांत. 'यकृतातील गाठींच्या निदानात एमआरआय महत्त्वाचा आहे', आणि तीन-चार संदर्भ, त्यात एक माझा. ते वाक्य माझ्या रिव्ह्यूशिवायही तसेच उभे राहिले असते. काही ठिकाणी माझ्या नावावर मी न लिहिलेले विधान होते. एका पेपरमध्ये तर मी ज्या चिन्हाविषयी 'एवढ्यावर विसंबू नये' असे लिहिले होते, त्या चिन्हाच्या खात्रीसाठी माझाच संदर्भ जोडलेला होता. मोजणाऱ्या यंत्राला हेही एक सायटेशनच.

आता त्या अरुंद विषयाच्या पेपरकडे येते. फुप्फुसातल्या लहान गाठी सीटीवर मोजताना दोन रीडरांत, म्हणजे प्रतिमा वाचणाऱ्या डॉक्टरांत, किती फरक पडतो, आणि तोच रीडर काही दिवसांनी पुन्हा मोजतो तेव्हा किती, असा तो साधा अभ्यास. छापून आला तेव्हा त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. पण याच मोजमापावर पुढचे सगळे अवलंबून असते. अमेरिकेतल्या नॅशनल लंग स्क्रीनिंग ट्रायल या अभ्यासाने २०११ साली दाखवले की जास्त धूम्रपान केलेल्यांची छातीच्या एक्स-रेऐवजी कमी मात्रेच्या सीटीने तपासणी केली तर फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होतात. तेव्हापासून गाठ वाढली की नाही हा प्रश्न रोजचा झाला. छातीच्या प्रतिमांच्या तज्ज्ञांची संस्था असलेल्या फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना गाठीच्या मिलिमीटरवरूनच पुढची तपासणी कधी ते ठरवतात. दोन रीडरांतला फरक जर गाठीच्या वाढीएवढाच असेल तर वाढ कशाला म्हणायचे? या पेपरचे संदर्भ वाचायला घेतले तर ते प्रस्तावनेत जवळजवळ नव्हतेच. ते होते 'पद्धत' या भागात. कुणी आमचा फरक घेऊन आपल्या अभ्यासाला किती रुग्ण लागतील याचा हिशेब केला होता. कुणी आपल्या संगणक-प्रणालीचा फरक आमच्या रीडरांच्या फरकाशेजारी ठेवला होता. संख्या थोडी, पण प्रत्येकाने त्या पेपरमधला आकडा उचलून काहीतरी केले होते.

सोनोग्राफीच्या अचूकतेवरचा एक पेपरही असाच निघाला. त्यात आम्ही नुसती संवेदनशीलता आणि विशिष्टता, म्हणजे आजार असलेले आणि नसलेले किती टक्के बरोबर ओळखले गेले, एवढेच छापले नव्हते. किती जणांत तपासणीने आजार बरोबर ओळखला, किती जणांत चुकून आहे म्हटले, किती जणांत सुटला, किती जणांत नाही ते बरोबर सांगितले, ही चारही घरे आकड्यांसह दिली होती. त्या काळी हे सगळेच करत नसत. निदानचाचण्यांच्या अभ्यासांनी काय काय छापावे याची स्टार्ड नावाची यादी २००३ पासून उपलब्ध होती, पण पाळणारे थोडे. नंतर एका मेटा-अ‍ॅनालिसिसने, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र मांडणाऱ्या अभ्यासाने, या विषयावरचे सगळे पेपर गोळा केले. ज्यांत ती चार घरे नव्हती ते बाजूला पडले, आमचा घेतला गेला. त्या मेटा-अ‍ॅनालिसिसच्या तक्त्यात आमची ओळ बघताना मला जे वाटले ते कोणत्याही एच-इंडेक्सने वाटले नव्हते. त्या लेखकांनी क्वाडास-२ या निदानचाचण्यांच्या अभ्यासांचा दर्जा तपासण्याच्या पद्धतीप्रमाणे रुग्णांची निवड, तपासणी, संदर्भ-चाचणी, आणि रुग्णांचा क्रम व कालावधी अशा चारही अंगांनी आमचा पेपर वाचला होता. आमच्या तज्ज्ञपरीक्षकांनीही तो इतक्या बारकाईने वाचला नसावा. तेव्हापासून प्रबंध करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी सांगते की टक्केवारीच्या आधी चार घरे छाप.

स्टार्डवरून एक गोष्ट. ती यादी मुद्दाम अनेक नियतकालिकांत एकाच वेळी छापली गेली, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचावी म्हणून. त्यामुळे तिचे सायटेशनही अनेक प्रतींत वाटले गेले. इतके वापरले गेलेले काम, पण एखादीच प्रत बघणाऱ्याला त्याचा खरा वापर दिसत नाही. याच्या उलट हॅन्ली आणि मॅकनील यांचा, आरओसी वक्राखालच्या क्षेत्रफळावरचा, म्हणजे चाचणी आजारी आणि निरोगी किती नीट वेगळे करते याच्या एका मापावरचा, १९८२ चा पेपर. तो 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात आला आणि त्याचे संदर्भ रेडिओलॉजीच्या कितीतरी बाहेर पसरले, कारण तो एक हत्यार हातात देतो. हत्यार देणारे पेपर नेहमीच वर असतात.

हे वाचन चालू असताना मी आमच्या विषयाचा इतिहासही पुन्हा चाळला. अ‍ॅलन कॉरमॅक यांनी किरणांच्या शोषणावरून आतला छेद कसा बांधता येईल याचे, म्हणजे पुढच्या सीटीचे, गणित १९६३ आणि १९६४ साली प्रसिद्ध केले. नोबेल व्याख्यानात त्यांनी स्वतः सांगितले आहे की त्याला जवळजवळ काहीच प्रतिसाद आला नाही. पेपरची प्रत मागणारे सर्वांत लक्षात राहण्याजोगे पत्र आले ते स्वित्झर्लंडमधल्या हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्या केंद्राकडून. १९७९ साली गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळाले. मधल्या वर्षांत सायटेशन मोजून कुणी निर्णय घेतला असता तर काय लिहिले असते? आणि हाउन्सफील्ड यांचे? सीटीवर पाणी शून्य आणि हवा उणे एक हजार, हे एकक त्यांच्या नावाने जगभरच्या सीटी रिपोर्टमध्ये येते. गाठीत चरबी आहे, रक्त आहे की नुसते पाणी हे आम्ही त्याच आकड्यावरून सांगतो. ते एकक वापरताना त्यांच्या १९७३ च्या पेपरचा संदर्भ मात्र आता क्वचितच कुणी देते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे ओळखले होते: काम सगळ्यांच्या अंगवळणी पडले की त्याचा संदर्भ नाहीसा होतो. नदीला मिळालेल्या ओढ्यासारखे, पाणी असते, पण नाव उरत नाही.

लेखकांच्या क्रमाविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण रेडिओलॉजिस्टवर तिथे खरा अन्याय होतो. शस्त्रक्रिया, कर्करोग, मज्जासंस्था, सांध्यांचे आजार, कोणत्याही शाखेचा अभ्यास घ्या, त्यात प्रतिमा असतात. त्या कुणीतरी वाचलेल्या असतात, एकेका रुग्णाच्या, मागच्यापुढच्या तारखांच्या, रेसिस्ट या गाठी मोजण्याच्या निकषांप्रमाणे गाठी निवडून, मोजून, लिहून. हे काम महिनोन्‌महिने चालते. पेपर येतो तेव्हा तो रेडिओलॉजिस्ट लेखकांच्या मधल्या गर्दीत कुठेतरी असतो, किंवा शेवटी आभारांत. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत, त्यात माहिती मिळवणे आणि तिचा अर्थ लावणे हे स्पष्ट धरले आहे. फक्त मसुदा सुधारणे, अंतिम मान्यता देणे आणि जबाबदारी घेणे हे बाकीचे तीनही पूर्ण व्हावे लागतात, आणि मसुदा दाखवलाच नाही तर ते कसे होणार? मी आता काम सुरू होण्याआधीच विचारते: मसुदा कधी दाखवाल, नाव कुठे असेल. विचारताना अवघड वाटते, पण विचारते.

अर्जात मात्र यासाठी जागा काढता आली. क्रेडिट या वर्गीकरणात सहभागाच्या चौदा भूमिका आहेत. ज्या पेपरांत मी मधली लेखक आहे, त्यांच्यापुढे मी त्यातली माझी भूमिका लिहिली: प्रतिमांचे वाचन, मापनपद्धतीची आखणी, माहितीची पडताळणी. अनेक केंद्रांच्या एका मोठ्या अभ्यासात माझे नाव लांबलचक यादीत आहे. त्याचे सायटेशन माझ्या बाकी सगळ्या पेपरांच्या बेरजेपेक्षा जास्त भरतात. तो मी एकूण आकड्यातून वगळला, वेगळ्या ओळीत दिला आणि लिहिले की आमच्या केंद्रातील प्रतिमांचे वाचन माझे, अभ्यासाची आखणी माझी नाही.

कोऱ्या जागेत शेवटी मी परिच्छेद लिहिले. पाच पेपर. प्रत्येकात कोणता प्रश्न होता, काय सापडले, आणि ते कुणी कशासाठी वापरले. मेटा-अ‍ॅनालिसिसचे नाव, तक्ता क्रमांक. आमच्या मापनफरकावरून रुग्णसंख्या काढणारे अभ्यास. त्यांतलाच एक, एमआरआयचा छोटा प्रोटोकॉल, म्हणजे तपासणीत काय काय घ्यायचे याचा आराखडा. त्याला सायटेशन जेमतेम आहेत, पण जे आहेत ते तो प्रोटोकॉल आपल्याकडे चालवून बघणाऱ्यांचे आहेत, आणि त्यामुळे फेरतपासणीच्या रुग्णाला यंत्रात निम्माच वेळ झोपावे लागते. आणखी एक पेपर नकारात्मक निष्कर्षाचा. एमआरआयमध्ये एक जादा सिक्वेन्स, म्हणजे प्रतिमांचा आणखी एक संच, घेतल्याने निदानात काही भर पडत नाही, असे त्यात निघाले होते. त्याचे संदर्भ सर्वांत थोडे, आणि ते का हे उघड आहे. जे करणे आपण थांबवतो त्याविषयी पुढे कुणी पेपर लिहीत नाही. आमच्या विभागाने तो सिक्वेन्स काढून टाकला, हे मी विभागप्रमुखांच्या पत्रासह जोडले.

मुलाखतीत समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी नेमके विचारले, "तुमचा सर्वांत जास्त सायटेशन असलेला लेख या पाचांत नाही. असे का?" मी म्हटले, "सर, तो लेख बऱ्याच जणांनी नमूद केला आहे. हे पाच लोकांनी वापरले आहेत." त्यांनी उतरवून घेतलेल्या वाक्यांची फाइल मागितली आणि मधूनच एक पान उघडून वाचू लागले. नंतरचे प्रश्न कामाविषयी होते: रीडरांतला फरक कमी कसा करता येईल, नव्या रेडिओलॉजिस्टला मोजायला शिकवता येते का, गाठीची कडा धूसर असेल तर काय. बढती मिळाली.

त्या फाइलमधून आणखी एक गोष्ट निघाली आणि माझ्या दृष्टीने तीच मोठी. गाठींच्या मोजमापाच्या पेपरचा एक संदर्भ आमच्या विरोधात होता. त्या गटाला रीडरांतला फरक आमच्यापेक्षा बराच कमी आढळला होता, आणि त्यांनी ते सभ्य पण स्पष्ट शब्दांत लिहिले होते. नुसता आकडा बघत राहिले असते तर तो पेपर मला कधी दिसलाच नसता. मी त्यांची पद्धत वाचली. त्यांचे छेद आमच्यापेक्षा पातळ होते आणि प्रतिमा घडवताना वापरलेला कर्नल, म्हणजे प्रतिमेची धार ठरवणारी गणिती गाळणी, हाही वेगळा. धारदार कर्नलने कडा ठळक होते पण प्रतिमेतले नकोसे कणही वाढतात, मऊ कर्नलने उलट, आणि गाठ लहान असेल तर मिलिमीटरचा फरक यातूनच पडू शकतो. मी त्यांच्या करस्पाँडिंग, म्हणजे पेपरविषयीचा पत्रव्यवहार बघणाऱ्या, लेखकांना मेल लिहिला. त्यांचे उत्तर लगेच आले. दोन्ही केंद्रांतल्या प्रतिमा दोन्ही प्रकारे पुन्हा घडवून, दोन्हीकडच्या रीडरांनी मोजायच्या, असे ठरले आहे. नैतिक समितीची परवानगी आली आहे, प्रतिमांवरची रुग्णांची नावे काढण्याचे काम चालू आहे, आणि लेखकांचा क्रम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवला आहे.